साक्ष जपून ठेवणे : मुंबईत आलेले ज्यू निर्वासित आणि आपण

परळ, लालबाग, नायगाव, वरळी येथील चाळींमध्ये ज्यांचे बालपण गेले, त्यांना आकाशवाणीची पहाटेची धून आजही आठवत असेल. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी तानपुऱ्याच्या साथीने व्हायोलिनचे ते स्वर चाळीच्या गॅलरीतून ऐकू येत आणि घरोघरी दिवस सुरू होई. ही धून वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराने बांधली, असे मानले जाते. 1907 साली आजच्या चेक प्रजासत्ताकातील कार्ल्सबाड येथे जन्मलेले कॉफमन 1934 मध्ये मुंबईस आले, आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात त्यांनी काम केले आणि 1946 पर्यंत ते येथे राहिले. अशी माणसे आपला देश सोडून मुंबईत का आली आणि ज्यांना निघता आले नाही त्यांचे काय झाले, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे, या हेतूने आम्ही हा विषय स्मरणिकेसाठी निवडला आहे.

जानेवारी 1933 मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले आणि इतर जर्मनांशी त्यांच्या विवाहास बंदी घातली. नोव्हेंबर 1938 मध्ये शेकडो प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली. त्याच महिन्यात ज्यू मुलांना सरकारी शाळांतून बाहेर काढण्यात आले. पुढे महायुद्धाच्या काळात सुमारे 60 लाख ज्यूंची हत्या झाली. त्यांत सुमारे 15 लाख मुले होती. या संहाराची सुरुवात वधस्तंभापासून झाली नाही. ती कायद्याच्या कागदापासून आणि शाळेच्या बाकापासून झाली, हे विसरता कामा नये.

जन्मावरून माणसाला वेगळे बसविणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पूज्य बाबासाहेबांनी 1942 साली कॅनडातील आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी अस्पृश्यतेवर निबंध लिहिला. तो 1943 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. नाझींचा ज्यूद्वेष आणि येथील सनातनी वृत्ती यांतील साम्य त्यांनी महायुद्ध चालू असतानाच जगासमोर मांडले. दोन समाजांची दुःखे एकाच मापाने मोजता येत नाहीत, आणि आम्ही ती मोजूही इच्छित नाही. परंतु एकाला दुसऱ्याची वेदना ओळखता येते, हे निश्चित.

मुंबईला ज्यू समाज नवा नव्हता. कोकणात शतकानुशतके राहिलेले, मराठी बोलणारे बेने इस्रायली लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्यापैकीच डॉ. ई. मोझेस हे 1937-38 मध्ये मुंबईचे महापौर झाले. वरळी नाक्याहून सात रस्त्याकडे जाणारा रस्ता त्यांच्याच नावाचा आहे. युरोपातील छळ वाढू लागला तेव्हा 1934 मध्ये मुंबईतील ज्यूंनी निर्वासितांसाठी मदत संस्था स्थापन केली. नोकरी किंवा हमीदार असल्याशिवाय ब्रिटिश सरकार प्रवेश देत नसे. ती हमी मिळवून देण्याचे काम या संस्थेने केले.

त्या काळी आलेल्यांपैकी एक होत्या व्हिएन्नाच्या नर्तिका हिल्डे होल्गर. ज्यू असल्यामुळे त्यांना रंगमंच बंद झाला. 1939 मध्ये त्या मुंबईस आल्या, येथेच त्यांनी विवाह केला आणि नृत्यशाळा काढली. मागे राहिलेली त्यांची आई आणि बहीण मात्र नाझींच्या संहारातून वाचल्या नाहीत. येथे पोहोचलेल्या काहींच्या वाट्याला आणखी एक विपरीत अनुभव आला. युद्ध सुरू होताच सरकारने त्यांनाही शत्रुदेशाचे नागरिक ठरविले आणि हिटलरपासून पळालेली काही कुटुंबे पुरंदर व सातारा येथील छावण्यांत स्थानबद्ध झाली.

ज्यांना युरोपातून निघता आले नाही, त्यांनी काय केले? पोलंडमधील वॉर्सा शहराच्या कोंडवाड्यात इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लूम यांनी सुमारे 60 जणांना गुप्तपणे एकत्र केले. मुलांचे निबंध, शिधापत्रिका, ट्रामची तिकिटे, उपासमारीच्या नोंदी, मिळेल ते त्यांनी जमविले. ऑगस्ट 1942 मध्ये, माणसे मृत्युछावणीकडे नेली जात असताना, इझ्रायल लिख्तेनश्टाइन या शिक्षकाने आपल्या दोन माजी विद्यार्थ्यांसह हे कागद पत्र्याच्या दहा पेट्यांत भरून एका शाळेच्या तळघरात पुरले. त्या तिघांपैकी कोणीही वाचले नाही. पेट्या मात्र 1946 मध्ये सापडल्या. 1950 मध्ये दुधाच्या दोन कॅनमध्ये ठेवलेला दुसरा साठाही मिळाला. त्या साठ जणांपैकी तिघेच जिवंत राहिले. त्यांतील राखेल आउअरबाख यांनी उरलेले आयुष्य वाचलेल्यांच्या साक्षी नोंदवून घेण्यात घालविले.

साक्ष ऐकून घेणारेही सहज मिळाले नाहीत. आउश्वित्झमधून परतलेले इटालियन लेखक प्रीमो लेव्ही यांचे पुस्तक मोठ्या प्रकाशकाने नाकारले, आणि 1947 मध्ये एका लहान प्रकाशकाने त्याच्या अवघ्या 2,500 प्रती काढल्या. पुढे 1961 मध्ये जेरुसलेम येथील आइखमन खटल्यात शंभराहून अधिक साक्षीदार उभे राहिले, तेव्हा कोठे जग त्यांच्याकडे कान देऊ लागले. बोलणारे आधीही होते. ऐकणारे नव्हते.

हे सर्व एका बौद्ध शाळेच्या स्मरणिकेत का? तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत भदंत आनंदांनी आपण ऐकलेला धम्म संघासमोर सांगितला. धम्म आपल्यापर्यंत आला तो ऐकणाऱ्यांनी तो जपला म्हणून. आज आपल्या घरांतही साक्षीदार आहेत. धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून साचेखात्यात ज्यांना घेतले जात नव्हते त्या गिरणी कामगारांच्या आठवणी त्यांच्या मुलांकडे आहेत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर आईच्या कडेवर असलेली मुले आज सत्तरीच्या घरात आहेत. त्या दिवशी जी माणसे जाणती होती, ती तर फारच थोडी उरली आहेत.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे. वडीलधाऱ्यांजवळ बसावे. त्यांचे गाव, वर्ष, गिरणी, चाळ यांसह त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. भाषा सुधारू नये, लाजिरवाणे वाटते ते गाळू नये. गिरणीचा पास, जुने रेशनकार्ड, वसतिगृहातून घरी लिहिलेले पत्र टाकून देऊ नये. शक्य असेल तर त्याची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्यावी. वॉर्साच्या त्या शिक्षकाजवळ पत्र्याच्या दहा पेट्या होत्या आणि वेळ मुळीच नव्हता. आपल्याजवळ अजून थोडा वेळ आहे.