कुणाच्या हातचं पाणी चालतं?

मूल नुकतंच जन्मलंय आणि जगेल असं दिसत नाही. आईबाप कॅथलिक. फादरना बोलवायला वेळ नाही. ड्यूटीवरची नर्स हिंदू असेल, मुसलमान असेल, नाहीतर देवबिव काही न मानणारी असेल. आईबापांच्या सांगण्यावरून तिनं नळाचं साधं पाणी बाळाच्या डोक्यावर ओतलं आणि ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते’ एवढं म्हटलं, की बाप्तिस्मा झाला. कच्चा नाही, तात्पुरता नाही, पुरता झाला. मूल वाचलं तर पुढे खुद्द बिशपांनीही तो पुन्हा द्यायचा नाही. फक्त चर्च जे करतं तेच आपल्याला करायचंय, एवढा तिचा हेतू हवा. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेनं तसं लिहूनच ठेवलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चक्रावलोच. बाप्तिस्मा म्हणजे तारणाचं दार, आणि त्याची किल्ली वाटेवरच्या कुणाच्याही हाती!

आता याची दुसरी बाजू पाहा. अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका तरुण फादरनी २०२० साली स्वतःच्या बाप्तिस्म्याचा घरचा व्हिडिओ पाहिला. त्यात पाणी ओतणारे डीकन ‘मी’ऐवजी ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ म्हणत होते. त्याच सुमारास रोमचा निर्णय आला होता, की असा बाप्तिस्मा ग्राह्य नाही, कारण तो जमाव देत नाही. एकाच्या तोंडून स्वतः ख्रिस्त देतो. म्हणजे या फादरांचा बाप्तिस्माच झाला नव्हता. मग पुरोहितदीक्षाही नाही, त्यांनी केलेल्या मिस्सा नाहीत, ऐकलेली पापनिवेदनं नाहीत. ऑगस्टमध्ये त्यांना बाप्तिस्मा, दृढीकरण आणि दीक्षा हे सगळं पहिल्यापासून घ्यावं लागलं. गंमत अशी, की मधल्या काळात त्यांनी ज्या बाळांना बाप्तिस्मा दिला, तो पक्का राहिला. बाप्तिस्मा द्यायला फादर असावं लागत नाही, स्वतः बाप्तिस्मा घेतलेला असावा लागत नाही. ते त्या नर्सच्या रांगेत बसले, इतकंच.

देणाऱ्याला इतकं गौण ठरवणारा हा नियम आला कुठून? त्यासाठी तिसऱ्या शतकातल्या उत्तर आफ्रिकेत जावं लागतं. तेव्हा फुटीर गटांत बाप्तिस्मा घेतलेले लोक मूळ मंडळीत परत येऊ लागले होते. त्यांना पुन्हा पाण्यात उतरवायचं का? कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणाले, अर्थातच! चर्चबाहेर तारण नाही, हे पुढे गाजलेलं मत त्यांचंच. ज्याच्यापाशी पवित्र आत्मा नाही तो दुसऱ्याला काय देणार, हा त्यांचा बिनतोड वाटणारा प्रश्न. २५६ साली ८७ बिशपांच्या सभेनं त्यांचीच री ओढली. रोमचे बिशप स्टीफन मात्र ठाम राहिले: झाला तो झाला, डोक्यावर हात ठेवा आणि आत घ्या. दोघांत चांगलीच जुंपली. वाद मिटायच्या आत २५७ साली स्टीफन गेले आणि पुढच्या वर्षी सिप्रियन यांचा शिरच्छेद झाला. रोमनं पाळलं ते स्टीफनचं मत, पण रोमच्या मिस्सेतल्या प्राचीन प्रार्थनेत नाव घेतलं जातं ते हरलेल्या सिप्रियनचं. पोप स्टीफन त्या यादीत नाहीत. इतिहासाला असले खोडकर न्याय जमतात.

स्टीफन जिंकले, पण त्यांच्या बाजूचा युक्तिवाद नीट मांडला तो दीडशे वर्षांनी हिप्पोच्या ऑगस्टिननी. त्यांच्यासमोर डोनॅटिस्ट होते. छळाच्या काळात ज्यांनी धर्मग्रंथ सरकारच्या हवाली केले, त्या भ्रष्ट हातांचे संस्कार फुकट, असं ते म्हणत. ऑगस्टिनचं उत्तर शेतकऱ्याला पटकन कळेल असं आहे. दगडी पाटातून पाणी वाफ्यात जातं. पाटात काही उगवत नाही म्हणून वाफा कोरडा राहत नाही. बाप्तिस्मा पेत्रानं दिला काय आणि यहूदानं दिला काय, देणारा ख्रिस्तच. मला वाटतं, पुढे पंथापंथांत जो काही समेट झाला त्याचं बी या वाक्यात आहे. देणारा गौण ठरला, की समोरच्या पंथाचा पाळकही पाटच होतो, आणि त्याच्या हातून आलेलं पाणी नाकारायला कारण उरत नाही.

हे बी रुजायला फार काळ लागला. धर्मसुधारणेच्या काळात झुरिकमध्ये काही तरुणांना बायबल वाचून वाटलं, की ज्या बाळाला कळतच नाही त्याला कसला बाप्तिस्मा? आधी विश्वास, मग पाणी. जानेवारी १५२५ मध्ये त्यांनी एकमेकांना नव्यानं बाप्तिस्मा दिला. नगरपरिषदेनं यासाठी शिक्षा ठरवली ती बुडवून मारण्याची. ५ जानेवारी १५२७ रोजी त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झ यांचे हात बांधून गुडघ्यांवरून खाली घेतले, मध्ये काठी अडकवली आणि त्यांना लिमाट नदीत ढकललं. तसं करणारे प्रोटेस्टंटच होते. झुरिकच्या रिफॉर्म्ड चर्चनं त्याबद्दल क्षमा मागितली ती २००४ साली.

सिप्रियनच्या ‘चर्चबाहेर तारण नाही’ या कडक वाक्याचंही पुढे काय झालं पाहा. बॉस्टनचे फादर लिओनार्ड फीनी ते शब्दशः घेऊन सांगत, की कॅथलिक नसलेल्या कुणालाच तारण नाही. १९४९ साली रोमनं पत्र लिहून बजावलं, की या वाक्याचा अर्थ असा नाही. फीनी ऐकेनात, बोलावलं तरी रोमला जाईनात. १९५३ साली आज्ञाभंगाबद्दल त्यांनाच बहिष्कृत केलं गेलं. बाहेरच्यांना तारण नाही म्हणणारा माणूस स्वतः बाहेर! १९७२ साली त्यांना परत घेतलं. मधल्या काळात, १९६४ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं जाहीर केलं होतं, की इतर पंथांत बाप्तिस्मा घेतलेले आपले भाऊच आहेत. नातं अपुरं असेल, पण खरं आहे.

२००७ साली जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये अकरा चर्चनी परस्परांचा बाप्तिस्मा मान्य असल्याची सही केली. बाळांचा बाप्तिस्मा न मानणाऱ्या बॅप्टिस्ट आणि मेनोनाइट यांनी केली नाही. मला त्यांचा हट्ट प्रामाणिक वाटतो. प्रश्न देणाऱ्याचा नाही, घेणाऱ्याचा आहे, हे त्यांचं म्हणणं ऑगस्टिनच्या पाटानं सुटत नाही.

म्हणूनच नागपूरचं नवल अधिक वाटतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथं सहा चर्चचं मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि न देणारे बॅप्टिस्टही. त्यांनी दोन्ही वाटा ठेवल्या: कुणी बाळाला बाप्तिस्मा द्यावा, कुणी बाळ देवाला अर्पण करून ते मोठं होऊन स्वतः मागेपर्यंत थांबावं. जर्मनांना २००७ साली जे जमलं नाही ते इथं सदतीस वर्षं आधी झालं होतं.

आणि रेव्हरंड ना. वा. टिळक तर त्याच्याही आधी पुढे गेले. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं १९१७ साली ‘देवाचा दरबार’ नावाचा संघ काढला, तो ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही शिष्यांसाठी. दोन वर्षांत ते गेले आणि तो प्रयोग मोठा होऊ शकला नाही.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियात पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च आज ग्राह्य धरतं. मात्र त्याच माणसाला कॅथलिक मिस्सेत ख्रिस्तशरीर घेण्याची मुभा एरवी नाही.