विलंबित वीर्यस्खलन : कारणे व उपचार

पुरुषांच्या लैंगिक समस्यांची चर्चा बहुधा शीघ्रपतन व नपुंसकत्व यांपाशीच थांबते. इच्छा व ताठरता असूनही वीर्यस्खलन फार उशिरा होणे किंवा मुळीच न होणे, या समस्येचा उच्चार क्वचितच होतो. उलट, ते पौरुषाचे लक्षण मानण्याचा भाबडेपणाही आढळतो. प्रत्यक्षात पतीला आपण नकोशा झालो, असे पत्नीला वाटू लागते. मूल न झाल्याचा दोषही पुष्कळदा तिच्याच माथी येतो.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत साधारण ६ महिने, बहुतेक प्रत्येक वेळी ही अडचण येणे व तिचा मनस्ताप होणे, असे निकष आहेत. किती मिनिटे म्हणजे विलंब, हे मात्र तीत ठरविलेले नाही.

स्खलनाचे नियंत्रण मेंदू व मज्जारज्जू यांच्याकडे असते. सेरोटोनिन या रसायनाचा प्रभाव वाढला की ते लांबते. म्हणूनच पॅरॉक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या नैराश्यावरील औषधांनी हा त्रास उद्भवतो आणि नेमक्या याच गुणामुळे ती शीघ्रपतनावर दिली जातात. येथेच खरा धोका आहे. संकोचामुळे डॉक्टरांशी न बोलता रुग्ण औषध परस्पर बंद करतो आणि नैराश्य पुन्हा बळावते. वस्तुतः मात्रा कमी करणे किंवा बुप्रोपिऑनसारखे पर्यायी औषध देणे डॉक्टरांना शक्य असते.

दीर्घकालीन मधुमेहाने नसांची झालेली हानी, मज्जारज्जूची इजा, मद्यपान व वाढते वय हीही कारणे होत. मधुमेहात वीर्य उलट मूत्राशयात जाण्याचाही संभव असतो. तो विकार निराळा असून संभोगानंतरच्या लघवीच्या तपासणीने ओळखता येतो. काहींना हस्तमैथुनाच्या एकाच जोरकस पद्धतीची सवय जडलेली असते. त्यात पापपुण्याचा प्रश्न नाही. शरीर एका विशिष्ट उत्तेजनेला सरावलेले असते, इतकेच. अशा वेळी ती पद्धत बदलणे व पतिपत्नींचे एकत्रित समुपदेशन यांवर भर दिला जातो.

या विकारासाठी खास मान्यता मिळालेले औषध अद्याप नाही. त्यामुळे खात्रीच्या गोळ्यांच्या जाहिरातींपासून दूर राहावे. मज्जारज्जूच्या इजेत कंपन-उपकरणाने अनेकदा वीर्य मिळविता येते. तसे न जमल्यास शुक्राणू थेट वृषणातून काढून कृत्रिम गर्भधारणा करता येते. अपत्यप्राप्तीसाठी मूळ विकार बरा होण्याची वाट पाहावी लागत नाही.