परक्याचे गीत आणि गाणाऱ्याचा कंठ

लोकगीताला कर्ता नसतो, असे आपण शिक्षक विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. जात्यावरची ओवी प्रथम कोणी रचली हे कोणास ठाऊक नसते. ती आजीकडून नातीकडे येते आणि जी गाते तीच तिची धनीण होते. हे विधान खरे असले तरी आजच्या काळापुरते अपुरे आहे. ज्या काळी गीताला कर्ता लाभतो, त्याचे नाव तबकडीवर छापले जाते आणि त्याचे हक्क कायद्याने राखले जातात, त्या काळी लोकगायकाचे स्थान कोणते उरते? त्याने परक्याचे शब्द फक्त पोचते करायचे, की त्यांच्या अर्थात त्याचाही काही वाटा असतो? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही एक परदेशी उदाहरण घेतले आहे. अमेरिकन लोकगायिका जोन बाएझ यांचा 'एनी डे नाऊ' हा दोन तबकड्यांचा गीतसंग्रह डिसेंबर १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सोळाही गीते बॉब डिलन यांची आहेत. 'टीअर्स ऑफ रेज' या एका गीताच्या रचनेत मात्र रिचर्ड मॅन्युएल यांचाही हात आहे.

प्रथम गायिकेची परंपरा पाहू. जोन बाएझ यांचा जन्म १९४१ चा. वडील मेक्सिकोत जन्मलेले पदार्थवैज्ञानिक, आई स्कॉटलंडमध्ये जन्मलेली. घरचे वळण क्वेकर पंथाचे. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील लहानशा गायनगृहांत त्या गाऊ लागल्या आणि १९५९ च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात प्रथम मोठ्या श्रोतृसमुदायापुढे आल्या. पुढच्याच वर्षी त्यांची पहिली तबकडी निघाली. या आरंभीच्या काळात त्यांच्या गायनाचा मोठा आधार होता तो जुन्या इंग्रजी व स्कॉटिश कथागीतांचा. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी अशी ३०५ कथागीते त्यांच्या पाठभेदांसह १८८२ ते १८९८ या काळात प्रसिद्ध केली होती. या गीतांना कर्ता नाही. त्यांत गाणारा स्वतःविषयी काहीच बोलत नाही. खून, विरह, विश्वासघात, फाशी हे सारे तो तटस्थपणे सांगतो. सवाल-जबाबही एकाच कंठातून येतात आणि कोण बोलते आहे हे श्रोत्याने ओळखायचे असते. बाएझ यांच्या गायनाची बैठक या शिस्तीत तयार झाली, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवले पाहिजे.

डिलन हे त्यांचे समवयस्क. तेही १९४१ साली, मिनेसोटा राज्यात जन्मले. जानेवारी १९६१ मध्ये ते न्यूयॉर्कला आले ते वुडी गथ्री या रुग्णशय्येवरील लोककवीच्या ओढीने. त्यांच्या १९६२ च्या पहिल्या तबकडीत स्वतःची गीते दोनच होती. १९६३ च्या दुसऱ्या तबकडीत मात्र बहुतेक सारी स्वतःचीच. हा बदल एका गायकापुरता राहिला नाही. लोकसंगीताच्या क्षेत्रात नाव असलेला कवी अवतरला, आणि त्याची रचना जुन्या चालींवर व जुन्या साच्यांवर उभी असल्यामुळे ती परंपरेत सहज मिसळूनही गेली. त्या वेळी बाएझ अधिक प्रसिद्ध होत्या. १९६३ साली त्यांनी आपल्या कार्यक्रमांत डिलन यांना व्यासपीठावर आणून श्रोत्यांस त्यांची ओळख करून दिली. दोन वर्षांत पारडे फिरले. १९६५ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्या डिलन यांच्याबरोबर होत्या, परंतु व्यासपीठावर त्यांना बोलावणे आले नाही. दोघांचे स्नेहसंबंध तेथे तुटले. त्याच वर्षी जुलैमध्ये डिलन न्यूपोर्टला विद्युत्‌गिटार घेऊन उभे राहिले, १९६६ साली मोटारसायकलच्या अपघातानंतर ते सार्वजनिक जीवनातून दूर झाले, आणि निषेधगीते तर त्यांनी त्याआधीच मागे टाकली होती.

बाएझ यांचा मार्ग उलट दिशेने चालला होता. गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा होता. १९६५ साली त्यांनी आयरा सँडपर्ल यांच्यासमवेत अहिंसेच्या अभ्यासासाठी कॅलिफोर्नियात एक संस्था स्थापन केली. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ त्यांनी प्राप्तिकराचा काही भाग भरण्याचे नाकारले, आणि ऑकलंडच्या सैन्यभरती केंद्रापुढे सत्याग्रह केल्याबद्दल १९६७ साली त्यांना दोनदा अटक झाली. अशा स्थितीत, ज्या कवीने लढ्याकडे पाठ फिरवली असे त्यांचे अनेक सहकारी म्हणत होते, त्याच कवीच्या गीतांचा पूर्ण संग्रह गाण्याचे त्यांनी ठरवले. स्नेह तुटला, मतेही वेगळी झाली; पण गीत टिकून आहे. या संग्रहाचे पहिले महत्त्व आम्हांस येथे दिसते.

असा प्रयत्न सर्वस्वी नवा नव्हता. जॅक इलियट यांनी १९६० साली वुडी गथ्री यांच्या गीतांची तबकडी काढली होती. ओडेटा या थोर कृष्णवर्णीय गायिकेने १९६५ साली केवळ डिलन यांची गीते गाऊन संग्रह सिद्ध केला होता. स्वतः बाएझ यांनीही १९६३ पासून आपल्या तबकड्यांत डिलन यांची सुटी गीते घेतली होती. १९६५ च्या 'फेअरवेल, अँजेलिना' मध्ये तर अशी चार गीते आहेत. परंतु सोळा गीतांचा विस्तीर्ण संग्रह म्हणजे एका कवीचे सलग वाचन होय. त्यात वाचणाऱ्याची दृष्टी लपून राहत नाही.

ती दृष्टी प्रथम निवडीत दिसते. डिलन यांची जगभर गाजलेली निषेधगीते येथे नाहीत. त्यांची उपरोधाने धारदार झालेली शहरी गीतेही जवळजवळ नाहीत. आहेत ती विरहाची, निरोपाची, स्थलांतरितांची, कैद्यांची आणि स्वप्नांची गीते. दुसरी लक्षणीय गोष्ट अशी की, सोळांपैकी सहा गीते डिलन यांच्या आवाजात तोवर प्रसिद्धच झाली नव्हती. १९६७ साली अज्ञातवासात रचलेली तीन गीते त्यांत आहेत. मिनेसोटातील रेड विंग येथील मुलांच्या सुधारगृहाविषयीचे गीत डिलन यांच्या आवाजात अधिकृतपणे निघाले ते १९९१ साली. 'लव्ह इज जस्ट अ फोर-लेटर वर्ड' हे गीत तर डिलन यांनी स्वतः कधीच प्रसिद्ध केले नाही. इंग्लंडच्या त्या दौऱ्यावरील १९६७ च्या चित्रपटात बाएझ हे गीत अपूर्णावस्थेत गुणगुणताना दिसतात. कवीने टाकून दिलेले हे गीत आज जिवंत आहे ते गायिकेने सांभाळले म्हणून. कर्त्याचे नाव ठाऊक असूनही गीत मौखिक परंपरेच्या वाटेनेच टिकले, असे हे चोख उदाहरण आहे.

ध्वनिमुद्रण १९६८ च्या शरदात, टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे झाले. हे शहर ग्रामीण ढंगाच्या अमेरिकन संगीताचे माहेरघर. डिलन यांनीही १९६६ व १९६७ सालच्या आपल्या तबकड्यांसाठी तेथील वादक घेतले होते आणि त्यांपैकी केनेथ बट्री हे तबकडीवर पुन्हा तालवाद्य सांभाळताना आढळतात. पोलादी तारांची सरकती गिटार आणि फिडल यांची साथ हलकी आहे; ती गायिकेच्या आवाजावर कुरघोडी करत नाही. निर्मितीची बाजू मेनार्ड सॉलोमन यांची होती. पुढे बेथोव्हेन आणि मोत्सार्ट यांचे चरित्रकार म्हणून ख्याती पावलेले तेच हे संगीताभ्यासक.

आता एकेका गीतात काय घडते ते पाहू. 'नॉर्थ कंट्री ब्लूज' हे १९६४ साली डिलन यांच्या आवाजात प्रसिद्ध झालेले गीत मिनेसोटातील लोखंडाच्या खाणींविषयी आहे. खाण बंद पडते, कारण दक्षिण अमेरिकेत मजुरी नाममात्र असल्याने तेथील धातू स्वस्त पडतो. गाव ओस पडू लागते. हे सारे सांगणारी व्यक्ती खाणकामगाराची पत्नी आहे. डिलन यांच्या पुरुषी आवाजात ऐकताना निवेदक स्त्री आहे हे श्रोत्याला बऱ्याच उशिरा कळते आणि तो चमकतो. बाएझ गातात तेव्हा हा धक्का नाहीसा होतो. पण त्याच्या मोबदल्यात काही मिळतेही. पहिल्या कडव्यापासूनच ती बाई आपल्यासमोर बसून आपली कर्मकहाणी सांगत असते, आणि अर्थशास्त्राचा तो कठोर नियम एका घराच्या चुलीपर्यंत पोचलेला दिसतो. आपल्याकडे ज्ञानदेवांच्या विराण्या लता मंगेशकर यांच्या कंठातून ऐकताना असाच अनुभव येतो. पुरुष कवीने कल्पिलेल्या स्त्रीचे शब्द तेथे स्त्रीकडे परत जातात.

'बूट्स ऑफ स्पॅनिश लेदर' हे प्रियकर-प्रेयसीचे संवादगीत आहे. एक समुद्रापार निघाले आहे, दुसरे मागे राहिले आहे. कडव्यागणिक बोलणारे बदलते, पण तसे कोठे सांगितलेले नाही. ही घडण जुन्या कथागीतांची होय. चाइल्ड यांच्या संग्रहातील गीतांवर वाढलेल्या गायिकेला हा साचा समजावून द्यावा लागत नाही. ती आवाज बदलून नाट्य करीत नाही. कथागीताच्या रीतीप्रमाणे दोन्ही बाजू समभावाने गाते.

'टीअर्स ऑफ रेज' मध्ये अपत्याच्या कृतघ्नतेने पोळलेल्या पित्याचे दुःख आहे. अनेक समीक्षकांना येथे शेक्सपिअरच्या लिअर राजाची आठवण झाली आहे. बाएझ यांनी हे गीत एकाही वाद्याच्या साथीशिवाय गायिले आहे. साथ काढून टाकताच शब्दांतील पोकळी ऐकू येते. 'आय ड्रीम्ड आय सॉ सेंट ऑगस्टिन' या गीताचा आराखडा, १९१५ साली युटा राज्यात देहदंड झालेल्या जो हिल या कामगारकवीवरील प्रसिद्ध गीतावरून घेतला आहे. ते जुने गीत बाएझ यांनी ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या मेळ्यात गायिले. डिलन यांनी कामगारगीताच्या साच्यात संताचे स्वप्न भरले. बाएझ यांच्यापाशी मूळ आणि अनुकरण दोन्ही एकत्र नांदतात. संग्रहाचे नाव ज्या कैद्याच्या गीताच्या ध्रुपदातून आले, त्यालाही पुढे निराळाच अर्थ चढला. सैन्यभरतीस नकार दिल्याबद्दल त्यांचे पती डेव्हिड हॅरिस जुलै १९६९ मध्ये तुरुंगात गेले. कवीच्या शब्दांत या माणसाचा उल्लेख नव्हता. गायिकेच्या आयुष्याने तो त्यांत घातला.

या संग्रहातील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. बाएझ यांचा आवाज उंच, स्वच्छ आणि स्थिर आहे. डिलन यांच्या खरखरीत उच्चारात जो तिरकसपणा, जी अस्वस्थता असते ती या स्वच्छतेत पुष्कळदा विरून जाते. अकरा मिनिटांहून दीर्घ अशा 'सॅड-आइड लेडी ऑफ द लोलँड्स' या गीतात आवाजाचे सौंदर्य शब्दांपुढे धावते आणि प्रतिमांचा गूढपणा सपाट होतो, असे आमचे मत आहे. तथापि प्रत्येक वाचनात काही सांडते आणि काही नवे सापडते. डिलन यांचे स्वतःचे गायन हेदेखील त्या गीताचे एक वाचनच आहे. तेही आपली गीते वर्षानुवर्षे निरनिराळ्या चालींत आणि बदललेल्या शब्दांत गात आले.

२०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक डिलन यांना मिळाले तेव्हा गीत हे साहित्य आहे की नाही, यावर आपल्याकडेही बरीच चर्चा झाली. त्या समारंभाला कवी गेले नाहीत. त्यांचे गीत तेथे पॅटी स्मिथ यांनी गायिले. मध्येच त्या अडखळल्या, क्षमा मागून पुन्हा गाऊ लागल्या. पुढे २०१७ च्या आपल्या नोबेल व्याख्यानात डिलन यांनी म्हटले की, गीते ही वाचण्यासाठी नसून गाण्यासाठी असतात. हे मान्य केले तर गाणारा साहित्याच्या व्यवहाराबाहेर राहू शकत नाही. अडखळून पुन्हा उभा राहणारा तो परका कंठही त्या सन्मानाचा वाटेकरी ठरतो.

आम्हां शिक्षकांना हा विषय दूरचा नाही. वर्गात आपण रोज दुसऱ्याची कविता वाचतो. गायकाने स्वतःचेच लिहावे आणि स्वतःचेच गावे, तरच ते अस्सल, ही समजूत त्या दशकानंतर जगभर रूढ झाली. आणि तिच्याबरोबर परक्याचे शब्द मनापासून उच्चारण्याची कला दुय्यम ठरली. काव्यगायन आणि पाठांतर शाळेतून हळूहळू कमी झाले त्यामागे इतर कारणांबरोबर ही समजूतही आहे. मुलाला कवितेचा अर्थ लिहिता येतो, पण ती मोठ्याने म्हणताना त्याचा आवाज कोरडा राहतो, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे. बाएझ यांच्या संग्रहावरून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत : कविता आपल्या वृत्तीला मानवेल अशी निवडावी, तिच्या मागची परंपरा ठाऊक करून घ्यावी, आणि उच्चारताना कवीची नक्कल करू नये. ही तीन पथ्ये पाळणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात कविता पुस्तकाच्या पानावर थांबत नाही. ती दुसऱ्या कंठात जाते, आणि तेथून पुढे तिचा प्रवास चालू राहतो.