जुडीची घासाघीस करता, मग हप्त्याची का नको?

मुंबईत राहायचं, दोन मुलं वाढवायची आणि वर चार पैसे शिल्लक टाकायचे, ही तारेवरची कसरत दादरपासून डोंबिवलीपर्यंत घरोघरची गृहिणी रोज करते. मेथीची जुडी दोन ठिकाणी विचारून घेते, रिक्षा सोडून पायी येते, स्वतःची साडी ‘पुढच्या दिवाळीला’ म्हणून ढकलते. आणि तरीही पंचवीस तारखेला हात रिकामा तो रिकामाच! मग मनात येतं, “माझंच काही चुकतंय की काय?”

मैत्रिणींनो, तुमचं काही चुकत नाही. गळती आहे ती दुसरीकडेच.

साधा हिशेब करू या. भाजी-किराण्यात रोज २० रुपये वाचवले, तर वर्षाचे ७,३०० होतात. आता घराच्या कर्जाकडे बघा. ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता होतो सुमारे ४३,४०० रुपये. कर्ज फिटेपर्यंत नुसतं व्याजच ५४ लाखांच्या वर जातं! याच कर्जात दर वर्षी, बोनसमधून म्हणा, एकच हप्ता जादा भरला, तर मुदत तीन वर्षांहून अधिक कमी होते आणि व्याजाचे सुमारे १० लाख वाचतात. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात असे पैसे आधी भरले तर बँकेला दंड लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच तो बंद केला. शिवाय व्याजदर वाढला की पुष्कळदा हप्ता तोच राहतो आणि मुदत मात्र लांबते. तेव्हा वर्षातून एकदा कर्जखात्याचं स्टेटमेंट मागवा आणि किती हप्ते उरले ते स्वतः मोजा.

तीच गोष्ट शाळेची. खासगी शाळांनी फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायला हवा, असा महाराष्ट्रात २०११ चा कायदा आहे. वाढीव फी मुकाट्यानं भरण्यापेक्षा त्या समितीसाठी आपलं नाव द्या.

तुम्ही म्हणाल, “हे व्यवहार आमच्याकडे ‘हे’च बघतात.” बघू देत की! पण हप्ता भागावा म्हणून पोटाला चिमटा कोण काढतं? दूध मुलांना, फळं सासूबाईंना आणि ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून राहते ती आपली रक्ताची तपासणी! ज्याची झळ आपल्याला, त्याचा कागदही आपण वाचायलाच हवा. नवीन घर घेत असाल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ते केवळ स्त्रीच्या नावावर घेतलं, तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते.

येत्या रविवारी जेवणं उरकली की कर्जाचा कागद, फीची पावती आणि तुमची हिशेबाची वही, तिन्ही समोर मांडा. ‘ह्यां’नाही शेजारी बसवा. वहीच्या पहिल्या ओळीत स्वतःच्या औषधपाण्याची रक्कम लिहा. काटछाट करायची ती त्याच्या खाली!