केस आणि स्वेच्छा

नातीने लांब वेणी कापून केस आखूड केले की घरातील वडीलधारी माणसे रुष्ट होतात. सौंदर्याची हौस, कामाची सोय अथवा नव्या रूपाचे आकर्षण, कारण कोणतेही असो, निवड तिची असते.

ही निवड पूर्वी सर्वांस नव्हती. १९ व्या शतकात, कोकणातील कष्टकरी कुटुंबे मॉरिशसला येत होती त्या काळी, महाराष्ट्रातील ब्राह्मण व अन्य काही उच्चवर्णीय घराण्यांत विधवेचे सक्तीने केशवपन होई. बालविधवाही त्यातून सुटत नसे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या मस्तकास वस्तरा न लावण्याचा निर्धार केला. ज्या वस्तऱ्यावर त्यांचा चरितार्थ चाले, तोच त्यांनी या कामापुरता खाली ठेवला. १८८९ साली विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन स्थापणाऱ्या पंडिता रमाबाई स्वतः आखूड केस राखीत. परंतु ते स्वेच्छेने.

आखूड केसांत अपमान नव्हता. तो सक्तीत होता. नातीवर रागावण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी हा भेद अवश्य ध्यानी घ्यावा. आजीचा अंबाडा आणि नातीचे आखूड केस एकाच घरात सुखाने नांदू शकतात.