खेकड्याची नांगी

बारशाच्या सुमारास टोचलेल्या कानांना हा त्रास क्वचित होतो. कॉलेजात गेल्यावर हौसेने पाडलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या भोकाभोवती मात्र काही महिन्यांनी बोराएवढी गाठ उभी राहते. डॉक्टर ती कापतात. वर्ष उलटते न उलटते तोच ती पुन्हा डोके वर काढते, कधी पहिलीहूनही मोठी! मुलगी मग कानांवरून केस सोडू लागते. आई आधी पथ्य बदलते, नंतर डॉक्टर.

हा किलॉइड. पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ आलिबेर यांनी १८०६ साली त्याला कर्करोगाशी नाते सांगणारे नाव दिले. पुढे तो कर्करोग नव्हे, हे ओळखून त्यांनी खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून दुसरे नाव योजले. गंमत अशी की, आपल्या 'कर्क' शब्दाचा अर्थही खेकडाच. म्हणजे नाव बदलले तरी खेकडा काही सुटला नाही.

साधा व्रण जखमेच्या हद्दीत राहतो. हा शेजारच्या निरोगी कातडीत नांगी पसरतो. जखम भरून आली तरी कोलॅजन बनविणाऱ्या पेशी थांबत नाहीत. कापणे म्हणजे त्यांना नवी जखम देणे! नुसत्या शस्त्रक्रियेनंतर निम्म्या किंवा त्याहून अधिक गाठी परत येतात, त्या यामुळेच.

लहान गाठ स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी बसते. हट्टी गाठीसाठी शस्त्रक्रियेपाठोपाठ किरणोपचार करतात. पाठोपाठ म्हणजे शक्यतो २४ तासांच्या आत. पेशींना पुन्हा जोर येण्यापूर्वीच त्यांची वाढ रोखायची. बहुधा तीन-चार बैठका होतात. इलेक्ट्रॉन किरण वापरले, तर ते कातडीखाली फार खोल जात नाहीत. मग गाठ परतण्याचे प्रमाण साधारण पाचांत एकावर येते.

खरी अडचण निराळीच आहे. हा विभाग पुष्कळदा कर्करोगाच्या पाटीखाली असतो. लग्नाच्या मुलीला घेऊन तिथल्या बाकावर बसायचे, आणि कोणी ओळखीचे भेटले तर? या धास्तीने कित्येक आईबाप चौथ्यांदा नुसती गाठ कापून घेतात.

किरणांची भीती मात्र अगदीच निराधार नव्हे. पुढेमागे कर्करोग उद्भवण्याची शक्यता अत्यल्प असली, तरी ती शून्य नाही. म्हणून लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना हा उपचार शक्यतो देत नाहीत. मानेजवळ किंवा छातीवर देताना थायरॉइड आणि स्तन जपावे लागतात. कातडी काही काळ काळवंडते. गाठ गेल्यावरही निदान दोन वर्षे तपासणीला जावे लागते, आणि त्या कानात नवे भोक पाडायचे नसते.