टायर वितळत का नाही?

मोटारीचा टायर झाडाच्या चिकापासून बनतो, ही समजूत अर्धीमुर्धीच खरी आहे. टायरच्या वजनात रबर ढोबळमानाने निम्म्याहून कमी भरते. कारच्या टायरात तर त्यातलेही बरेचसे कृत्रिम, म्हणजे खनिज तेलापासून केलेले असते. बाकी कार्बन ब्लॅक, सिलिका, पोलादी तारा, पॉलिस्टर किंवा नायलॉनचे कापड, झिंक ऑक्साइड, गंधक वगैरे. झाडाचे रबर ताण सोसते आणि कमी तापते, म्हणून ट्रकच्या टायरात त्याचे प्रमाण जास्त. विमानाच्या टायरात जवळजवळ सगळे रबर तेच.

रबराचे हे झाड मूळचे केरळचे नव्हे, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने ब्राझीलमधून सुमारे ७० हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोचवल्या. उगवलेली थोडी रोपे श्रीलंका आणि सिंगापूरला गेली, आणि आशियातले मळे त्यातूनच उभे राहिले. आज सर्वाधिक रबर थायलंड आणि इंडोनेशियात पिकते.

रबराचा स्वतःचा रंग पांढुरका. सुरुवातीचे टायरही फिकटच होते. काळेपणा येतो तो कार्बन ब्लॅक या बारीक काजळीमुळे, आणि ती शोभेसाठी घालत नाहीत. तिच्यामुळे टायरची झीज कितीतरी कमी होते.

सगळ्यात पक्का गैरसमज वेगळाच आहे: लोखंडासारखे जुने टायर वितळवून नवे ओततात. हे होत नाही. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट, थंडीत ठिसूळ. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला आढळले, की गंधक घालून तापवल्यावर हा दोष जातो. (त्याच्या नावाची कंपनी १८९८ ची, तो १८६० मध्येच वारला होता आणि कंपनीशी त्याचा काही संबंध नव्हता.) या प्रक्रियेत गंधकाचे अणू रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना जखडून टाकतात. भाजलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही, तसेच हे. टायर तापवला तर तो वितळत नाही, जळतो किंवा विघटित होतो. हे बंध काही प्रमाणात तोडून ‘रिक्लेम’ रबर करतात, पण ते कमी ताकदीचे असते; नव्या मालात थोडेसेच मिसळता येते.

रिमोल्ड टायर म्हणजे हमखास धोका, हेही सरसकट खरे नाही. सांगाडा शाबूत असेल तर झिजलेल्या नक्षीच्या जागी नवा थर चढवता येतो. प्रवासी विमानांचे टायरही असे अनेकदा रिट्रेड होतात. महामार्गावर पडलेल्या रबराच्या सालींना कमी हवा आणि जादा भारही तितकेच कारणीभूत असतात, आणि नवे टायरही त्याने फुटतात.

पार निकामी झालेल्या टायरचा भुगा करतात. चुंबकाने तारा वेगळ्या काढल्या, की तो चटया आणि रस्त्याच्या डांबरात जातो. काही टायर सिमेंटच्या भट्टीत इंधन होतात, काही पायरोलिसिसला जातात. पायरोलिसिस म्हणजे टायर जाळणे नव्हे: बंद पात्रात, हवेशिवाय तापवून त्यातून तेल, वायू, काजळी आणि पोलाद वेगळे करतात. मात्र हे पात्र नीट थंड न होता उघडले, की काजळी आणि धूर कामगारांच्या अंगावर येतो, आणि प्रक्रिया कागदावर कितीही स्वच्छ असली तरी तिची खरी कसोटी तिथेच लागते. पायरोलिसिससाठी टाकाऊ टायर आयात करण्यास भारतात बंदी आहे. २०२२ च्या नियमांनी जुन्या टायरच्या पुनर्वापराची जबाबदारीही उत्पादक आणि आयातदारांवर टाकली आहे.

‘जुना टायर पडून राहिला तर काय बिघडते?’ हा प्रश्न मात्र फसवा आहे. आत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो, आणि त्याची अंडी कोरड्या टायरातही महिनोन्‌महिने तग धरतात. एडिसपैकीच असलेला आशियातला टायगर डास १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनला आढळला, तो जुन्या टायरांच्या व्यापारातूनच पोचला असे मानले जाते. अंगणात किंवा गच्चीवर टायर ठेवायचाच असेल, तर पावसाळ्यापूर्वी त्याला खालून भोके पाडावीत.